आमची वाटचाल : औलीचा बर्फ आणि आमच्या स्की

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडमधल्या औलीला बर्फ असेल, असं आम्ही आता कोणालाही लिहून देत नाही. हिवाळी ट्रेक, नवशिक्यांसाठी स्कीचे वर्ग आणि स्की-बूट भाड्याने देणं हा आमचा धंदा. सुरुवातीची बरीच वर्षं तो शाळेच्या वेळापत्रकासारखा चालला : नाताळची तुकडी, जानेवारीच्या दोन, प्रजासत्ताक दिनाची एक. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. हिशेब जुळत होता, मुलं घसरत-पडत शिकत होती.

मग २०२३ चा जानेवारी उजाडला. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचायला लागली, घरांना तडे गेले आणि औलीला नेणारा रोपवे थांबला. जेमतेम चार किलोमीटरचा तो रोपवे म्हणजे आमच्यासाठी सामानाचीही वाट होती. तो गेल्यावर स्कीच्या बॅगा घाटातून जीपने चढवायच्या, आणि सकाळी डांबरावर बर्फाचा पारदर्शक थर असला तर चाकांना साखळ्या लावून. त्यात बर्फही रुसला. फेब्रुवारीत औलीच्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. पुढचा हिवाळा त्याहून वाईट निघाला. डिसेंबर २०२३ आणि जवळपास अख्खा जानेवारी २०२४ कोरडा गेला. गुलमर्गसारख्या ठिकाणीसुद्धा जानेवारी संपत येईपर्यंत उतारांवर तपकिरी गवत दिसत होतं.

त्याच जानेवारीत आम्ही बुडता बुडता वाचलो. कारण फक्त हवामान नव्हतं, म्हणून ते इथे लिहायलाच हवं.

एका मोठ्या सहल कंपनीने 'बर्फाची हमी' अशी जाहिरात केली होती. सोबत फोटो जुन्या, भरघोस वर्षांचे. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी तिकडे वळली. आम्ही खरं सांगत होतो की यंदा तारीख देता येणार नाही, आणि लोकांना तारीखच हवी होती. त्या कंपनीकडे स्की पुरेशा नव्हत्या, त्या तिने आमच्याकडून भाड्याने नेल्या. करारात स्पष्ट लिहिलं होतं की दाबलेला बर्फ किमान ३० सेंटीमीटर असल्याशिवाय त्या वापरायच्या नाहीत. वापरल्या त्या हातभरसुद्धा खोल नसलेल्या, सावलीत उरलेल्या पट्ट्यावर, जिथे गवतातून दगड वर आले होते. परत आल्या तेव्हा तळ फाटलेले होते. भरपाई आजतागायत आलेली नाही.

दगडाने स्कीचं नक्की काय होतं, हे भाड्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. तळ पॉलिइथिलीनचा असतो. वरवरची चीर असेल तर पी-टेक्सची, म्हणजे त्याच प्लास्टिकची, कांडी पेटवून थेंब सोडायचे, थंड झाल्यावर पोलादी स्क्रेपरने सपाट करायचं. ज्योत निळी आणि लहान हवी. पिवळी झाली की काजळी थेंबात मिसळते आणि भरलेला भाग निघून येतो. पण घाव लाकडी गाभ्यापर्यंत गेला असेल तर पी-टेक्स तिथे धरतच नाही. त्या वाटेने पाणी आत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि थर सुटायला लागतात. अशी स्की आधी उबदार खोलीत पूर्ण वाळू द्यायची, मग इपॉक्सी गोंद, मग त्याच जाडीचा पॅच कापून क्लॅम्पखाली रात्रभर. ओल्या गाभ्यावर घाईने इपॉक्सी ओतणारे आठवड्यात पुन्हा तीच स्की घेऊन बसतात.

कडांचं दुखणं वेगळं. दगडावर घासल्यावर कडेच्या पोलादाचा तेवढा ठिपका तापून कडक होतो. त्यावर थेट कानस चालवली तर ती नुसती घसरते आणि तिचेच दात जातात. म्हणून आधी डायमंड स्टोन ओला करून तो ठिपका उतरवायचा, बोटाला खरखर लागेनाशी झाली की मगच कानस. नवशिक्यांच्या स्कीला आम्ही तळाच्या बाजूने १ अंश आणि बाजूने ८९ अंशांचा कोन ठेवतो. टोकाची आणि शेपटीची कड जरा बोथट करतो, नाहीतर वळताना ती बर्फात अडकते.

हे सगळं काम भैजींनी केलं. औलीजवळच्याच एका गावचे ते. पहिल्या हंगामापासून आमचे भागीदार. त्या जानेवारीत त्यांनी आपल्या वाट्याचे पैसे घेतले नाहीत आणि एकेक स्की हाताने उभी केली. स्की घसरावी म्हणून तळाला वॅक्स वितळवून लावतात, त्या इस्त्रीला तापमानाचा आकडा नव्हता तेव्हाही त्यांच्या हातून तळ कधी जळला नाही. वॅक्समधून धूर निघाला की इस्त्री जास्त तापली, एवढी एकच खूण. आज आमच्याकडे आकड्यांची इस्त्री आहे, मऊ वॅक्सला १२० अंशांच्या आसपास ठेवतो, आणि तरी नव्या मुलांना भैजी आधी धूर ओळखायला शिकवतात. इस्त्री एका जागी थांबवायची नाही, टोकाकडून शेपटीकडे सरकत राहायचं, स्की खोलीच्या तापमानाला आल्यावर खरवडायचं. खरवडायला कंटाळा करणाऱ्याची स्की बर्फाला चिकटते आणि तो दोष बर्फाला देतो.

बदललेल्या हवामानाने वॅक्सचा साठासुद्धा बदलला. पूर्वी कोरड्या, थंड बर्फाचं कडक वॅक्स जास्त लागायचं. आता हंगाम फेब्रुवारी-मार्चकडे सरकला. दुपारी बर्फ शून्य अंशावर, पाणी सुटलेला. तळ आणि पाण्याच्या पातळ थरात ओढ तयार होते, स्की मागून कोणी धरल्यासारखी थांबते. उपाय म्हणजे मऊ वॅक्स आणि तळावर जरा खोल रेघा, म्हणजे पाण्याला निघायला वाट मिळते.

आता मुळाकडे येऊ. आपल्याकडचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी झंझावातांमुळे. ते आलेच नाहीत तर कोरडं, हे सरळ आहे. पण ते आले तरी बर्फच पडेल असं नाही. उंचीच्या दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे एक अंश तापमानवाढीला हिमरेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. औलीचा उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरवर आहे. दोन अंशांचा फरक म्हणजे तीनशे मीटर. खालच्या अर्ध्या उतारावर त्याच ढगातून पाऊस. पाऊस पडलेल्या बर्फावर रात्री कडक कवच धरतं, आणि त्यावर नवशिक्या उभाही राहू शकत नाही.

म्हणून आम्ही अंदाज बघताना 'पाऊस की बर्फ' हे चित्र बघत नाही. ७०० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाच्या पातळीचं तापमान बघतो, ती पातळी साधारण तीन हजार मीटरवर असते. तिथे उणे ३ किंवा त्याखाली असेल तरच जीप भरतो. पडलेला बर्फ मोजतानाही फसू नये. शंभर किलो प्रति घनमीटर घनतेचा ताजा बर्फ दाबून चारशेपर्यंत नेला की त्याची उंची चौथाई होते. तीस सेंटीमीटरच्या दाबलेल्या थरासाठी चार फूट ताजा बर्फ पडावा लागतो. गुडघाभर बर्फाचा व्हिडिओ बघून पैसे भरणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

कोरड्या हिवाळ्याचा दुसरा धोका उशिरा कळतो. डिसेंबरात वीत-दीड वीत बर्फ पडून नंतर महिनाभर आकाश निरभ्र राहिलं की त्या पातळ थराच्या तळाशी जमीन शून्य अंशाला आणि वर हवा उणे दहा-बाराला असते. दर दहा सेंटीमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की बर्फाचे कण बदलतात, साखरेसारखे मोकळे होतात, एकमेकांना धरत नाहीत. मग फेब्रुवारीत अचानक मोठा बर्फ त्यावर येऊन बसतो. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला, तोही अशाच उशिरा आलेल्या मोठ्या बर्फानंतर. 'यंदा बर्फ कमी, म्हणजे धोका कमी' हा समज डोक्यातून काढा.

तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर जाण्याआधी आमची माणसं खड्डा खणतात, ३० बाय ३० सेंटीमीटरचा बर्फाचा खांब मोकळा करतात, वर फावडं ठेवून मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापट्या मारतात. मनगटाच्या थापट्यांतच थर सरकला तर तिथून परत. गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी परत.

कृत्रिम बर्फ का पाडत नाही, असं प्रत्येकजण विचारतो. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी यंत्रणा बसली, वर कृत्रिम तलावही आहे. पण यंत्राला थंडी लागते, आणि ती साध्या तापमापकावरची नव्हे. वेट बल्ब तापमान, म्हणजे हवेतली आर्द्रता धरून मोजलेलं तापमान, उणे अडीचच्या खाली हवं. हवा १ अंश असली तरी आर्द्रता ३० टक्के असेल तर काम होतं. उणे १ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर नळीतून नुसता पाणचट बर्फाचा लगदा येतो. पाण्याचा हिशेब तर आणखी कठीण : एका हेक्टरवर ३० सेंटीमीटर थराला बारा ते पंधरा लाख लिटर. तेराशे मीटर लांब आणि तीस मीटर रुंद पट्ट्याला पन्नास लाखांच्या आसपास, तेही एकदाच. खचणाऱ्या डोंगरावर इतकं पाणी ओतायचं का, हा प्रश्न जोशीमठनंतर तरी विचारायला हवा.

धंदा तगला तो फिरत्या तारखांवर. ही कल्पना आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची, बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांची. त्या कोरड्या जानेवारीत त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. "तुम्ही बर्फ बघा, मी बॅग भरून ठेवतो," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे १ फेब्रुवारी ते १५ मार्च अशी खिडकी असते. चार दिवस आधी निरोप जातो, बर्फ नसेल तर तेवढ्याच पैशात उंचावरचा ट्रेक किंवा पुढचं वर्ष. ज्यांना पक्की रजा काढावी लागते त्यांना हे जमत नाही, ते मान्य आहे. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धासुद्धा बर्फासाठी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. सरकारी स्पर्धेची तारीख हलते तिथे आमची का हलू नये?

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. नव्या चकचकीत स्की घेऊ नका. जाड तळाच्या, रुंद कडांच्या भाड्याच्या मॉडेलच घ्या, त्यांना कानशीला पोलाद उरतं. स्की दुसऱ्या कंपनीला देताना प्रत्येक जोडीच्या तळाचा फोटो काढा, अनामत आधी घ्या, आणि करारात बर्फाची जाडी कोण मोजणार त्याचं पद लिहा. 'पुरेसा बर्फ' हा शब्द वकिलाच्या उपयोगाचा नाही. हंगाम संपला की कडा पुसून जाड वॅक्स लावून न खरवडता तसंच ठेवा, बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे, स्प्रिंग सैल करा, पावसाळ्यात बूट बंद पेटीत कोंबू नका. पुढच्या हंगामात बाइंडिंग पुन्हा वजन, उंची आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीप्रमाणे लावा. मागच्या वर्षीचा आकडा तसाच ठेवून देऊ नका.