एक रायफल, दोन बॅरलं: विसाव्या बदलानंतरची नोंद

काल विसाव्यांदा बॅरल बदललं. .२४३ कॅलिबरचं काढून .३०८ चं चढवलं, १०० मीटरवर तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही जुन्याच झिरोवर, म्हणजे स्कोप (नेमाची दुर्बीण) आधी जुळवून ठेवलेल्या जागी बसल्या. फार बरं वाटलं, कारण सुरुवातीचे महिने असे नव्हते.

तेव्हा एकदा अख्खा ग्रुप (लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) चार सेंटिमीटर डावीकडे गेला होता. स्कोपचे स्क्रू तपासले, काडतुसांची पेटी बदलून पाहिली, काही उपयोग नाही. शेवटी बॅरल उतरवलं तर त्याच्या बैठकीत पुसायच्या चिंधीचा एक धागा तेलाला चिकटलेला! आता बैठक कोरड्या फडक्याने पुसतो, उजेडात तिरकी धरून बघतो, बोट फिरवतो, मगच बॅरल ठेवतो. दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळायचे, टॉर्क रेंचने, दरवेळी तेवढेच. स्कोप माझ्याकडे बॅरलवरच आहे, १९९३ च्या ब्लेझर आर९३ सारखा. त्यामुळे तो बॅरलबरोबरच निघतो आणि बसतो. ज्यांचा स्कोप ॲक्शनवर (बोल्ट सरकतो त्या भागावर) असतो, त्यांना प्रत्येक बदलानंतर पुन्हा झिरो करावं लागतं.

या रायफलचं खरं सुख ट्रिगर आणि स्टॉकमध्ये (दस्त्यात) आहे. हलक्या हरणामागे असो की रानडुकरामागे, गाल त्याच जागी टेकतो, बोटाला तोच ट्रिगर लागतो. .२४३ हे काडतूस .३०८ च्याच केसवरून (पितळी नळकांड्यावरून) बनलेलं, म्हणून बोल्ट हेड, म्हणजे काडतुसाचा बूड धरणारं बोल्टचं टोक, बदलावं लागत नाही. .३०० विंचेस्टर मॅग्नमचं बॅरल घेतलं तर बोल्ट हेडही वेगळं लागेल, आणि तेवढ्यासाठी मी ते घेतलेलं नाही.

पण हीच भावंडं धोक्याचीही आहेत. .२४३ चं काडतूस .३०८ च्या चेंबरमध्ये जाऊ शकतं. तिथे गोळी नळीपेक्षा बारीक पडते आणि केसची मान फुगून फाटू शकते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच पेटी, आणि भरण्याआधी बॅरलवरचा कॅलिबरचा शिक्का मोठ्याने वाचतो. सोबतीला कुणी असलं तरी वाचतो.

खर्चात बचत होईल असं मात्र समजू नका. दुसरं बॅरल, त्याचा स्कोप, माउंट धरलं की जवळपास दुसरी रायफलच होते. शिवाय बोल्ट बिघडला तर दोन्ही बॅरलं घरीच.

पुढच्या वेळी .२४३ चढवून पाच दिवस तशीच ठेवणार आहे आणि थंड नळीतून पहिली एकच गोळी झाडणार आहे. शिकारीत तीच एक मिळते.