तुम्ही विचारलंत म्हणून: लेवांडोव्स्की सोडून मिलिकच का?

आमच्या पेठेत ब्राझीलवाले आहेत, अर्जेंटिनावाले आहेत. फुटबॉलचा वर्ल्डकप आला की कोल्हापुरातल्या गल्ल्यागल्ल्यांत झेंडे लागतात. त्यात पोलंडच्या आर्कादिउश मिलिकचा माणूस मी एकटाच. कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, दुकानात, कुणीही भेटलं की एकच विचारतं, "पोलंडचाच फॉरवर्ड पाहिजे तर लेवांडोव्स्की हाय की. ह्यो सारखा गुडघा धरून बसणारा कशाला?" इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. आज सांगतो.

आधी एक गोष्ट नीट ऐका. तो जखमी आहे म्हणून मला आवडला नाही. ११ ऑक्टोबर २०१४ ला वॉर्सात पोलंडने जर्मनीला २-० हरवलं. जर्मनी तेव्हा तीन महिन्यांपूर्वीच जगज्जेता झालेला, आणि पोलंडने त्याआधी जर्मनीला कधीच हरवलं नव्हतं. पहिला गोल मिलिकचा, डोक्याने. जर्मनीचा गोलकीपर नॉयर पुढे आला आणि हा वीस वर्षांचा पोरगा त्याच्या आधी चेंडूपर्यंत पोचला. तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे धड होते.

माझा नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाहू स्टेडियमवर, कुणी धक्काही न मारता, वळताना माझ्या उजव्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. लिगामेंट. ती मॅच मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा खाली दाबत बघितली. दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचा. फिजिओ दर आठवड्याला गुडघ्याच्या वाटीच्या वर टेप लावून मांडी मोजायचा; उजवी डावीपेक्षा बारीकच भरायची.

म्हणजे 'जखमी म्हणून आवडला नाही' हे आत्ता वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. राहू दे तसंच.

पुढचं ऐका. २०१६ मध्ये इटलीतल्या नापोली क्लबचा फॉरवर्ड हिग्वाइन युव्हेंटसला गेला आणि त्याच्या जागी नापोलीने हॉलंडच्या अयाक्सकडून मिलिकला आणलं. सुरुवातीलाच गोलांचा धडाका. आणि ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कविरुद्ध डावा गुडघा गेला. त्याच मॅचमध्ये लेवांडोव्स्कीची हॅटट्रिक. नापोलीने मिलिकच्या जागी मेर्टेन्सला मधे खेळवलं, त्याने लीगमध्ये २८ गोल केले आणि मिलिकची जागा गेली ती गेली. मिलिक फेब्रुवारीत परतला, सप्टेंबर २०१७ मध्ये उजवा गुडघा गेला. तरी २०१८-१९ च्या लीगमध्ये त्याचे १७ गोल आहेत. दोन ऑपरेशनं झालेल्या पायांवर! हे कुणी बोलत नाही.

पण मला सांगायचंय ते तुरीनचं. ११ सप्टेंबर २०२२, युव्हेंटस-सालेर्निताना, मिलिक तेव्हा युव्हेंटसकडून. आपल्याकडे सव्वाबाराला सुरू झालेली मॅच, रात्रीचे दोन वाजून गेलेले, घरात सगळे झोपलेले, आवाज बंद. युव्हेंटस ०-२ वरून भरपाईच्या वेळेत २-२. कॉर्नर आला, मिलिक उंच उडाला, चेंडू जाळ्यात. शर्ट काढून धावत सुटला. मी पलंगावर उभा राहिलो, तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी. हा माणूस दोन्ही गुडघ्यांवरून उठून आलाय आणि उडी मारून गोल करतोय, एवढंच माझ्या डोक्यात.

मग रेफ्रीने पिवळं कार्ड काढलं. शर्ट काढला की पिवळं, आणि आधीचं एक होतंच. लाल. मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणी. त्यांच्या मते युव्हेंटसचा बोनुची ऑफसाइड, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या पलीकडे होता, त्याने अडथळा आणला, गोल रद्द. गोल रद्द झाला तरी कार्ड राहतं, नियमच तसा आहे. उघड्या अंगाचा मिलिक बाहेर चालत गेला.

दुसऱ्या दिवशी कळलं की कॉर्नरच्या झेंड्याजवळ सालेर्नितानाचा कांद्रेवा उभा होता. त्याच्यामुळे बोनुची ऑनसाइड होता, म्हणजे गोल बरोबर होता. रेफ्रींच्या संघटनेने सांगितलं, तो अँगल व्हीएआरवाल्यांकडे नव्हताच. कांद्रेवा त्यांच्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होता.

तेव्हापासून कुणी 'नशीब' म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते नशीब नव्हतं, कुणीतरी बघायचं राहिलं होतं.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, गुडघे टिकले असते तर हा लेवांडोव्स्कीच्या बरोबरीचा झाला असता. भांडणं केलीत त्यावरून. आता तसं म्हणवत नाही. २०१६ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध अगदी गोलासमोरून त्याने हेडर घालवला, मॅच ०-० सुटली. तेव्हाही दोन्ही गुडघे धडच होते. लेवांडोव्स्कीने तो सोडला नसता, हे मलाही दिसतं. पण गुडघे टिकून वय वाढलं असतं तर यानेही सोडला नसता, असंही वाटतं. रोज वेगळं वाटतं.

जून २०२४ मध्ये युक्रेनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच तो पुन्हा गुडघा धरून खाली बसला. युरो हुकला, पुढचा अख्खा सीझन युव्हेंटससाठी एकही मॅच नाही. त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि स्वतःची मांडी दाबून बघितली.

तो दर वेळी परत गेला. मी डॉक्टरांनी 'खेळायला हरकत नाही' म्हटल्यावरसुद्धा गेलो नाही. घरचे, दुकान, पैसे, सगळी कारणं सांगितली. भीती वाटत होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

भाचा यंदा तालमीच्या टीमकडून फॉरवर्ड खेळतोय. "मामा, स्टेडियमवर या की," म्हणतो. घरापासून दहा मिनिटांवर आहे. अजून गेलेलो नाही.