वर्दीतला फोटो आणायचा नाही

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा एकच दंडक होता: येताना फोटो आणायचा, पण वर्दीतला नाही. तो भिंतीवर असतोच. इथे हवा असायचा केस विस्कटलेला, डोळे मिटलेला, मागून कुणीतरी डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरलेला.

सैन्यात भाऊ किंवा बहीण गमावलेली पोरं आम्ही. कुणी शाळेत, कुणी नुकतं नोकरीला लागलेलं. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना सांगायचा, "आईबाबांना सांभाळ हं." आमचं काय, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. त्यांची तरी काय चूक म्हणा! घडी घातलेला ध्वज पत्नीच्या नाहीतर आईवडिलांच्या हाती जातो, पेन्शनच्या कागदांवरही बहुतेक त्यांचीच नावं. भावंड आपलं बाजूला उभं.

सकाळी भाषणं व्हायची, ती लांबायचीच. त्यातलं एक मात्र कामाचं निघालं. मंडळाच्या ताईंनी सैन्यात माणूस गमावलेल्या कुटुंबांना आधार देणाऱ्या, अमेरिकेतल्या 'टॅप्स' या संस्थेबद्दल सांगितलं. लष्करी विमान अपघातात पती गेल्यावर बॉनी कॅरोल यांनी ती १९९४ मध्ये सुरू केली. तिथल्या शिबिरात मुलांना एकेक सोबती मिळतो, बहुतेक सैन्यातलाच. आमच्याकडे एवढे सैनिक कुठून आणणार? मग आम्ही थोरांनीच धाकट्यांना वाटून घेतलं.

खरी धमाल दुपारी. गोल करून बसायचं आणि एकेकाने आपल्या भावंडाचं गाऱ्हाणं मांडायचं. कौतुक करायला बंदी! एकीच्या दादाने सायकल आपटली आणि नाव हिचं सांगितलं. एकाची ताई कॅरमच्या सोंगट्या लपवायची. सांगताना तो असा तावातावाने भांडत होता, जणू ती समोरच बसलीय. आम्ही हसून बेजार. मधेच कुणाला रडू फुटलं तरी खेळ थांबायचा नाही. रुमाल पुढे सरकायचा, पुढच्याची पाळी यायची. हार घातलेल्या फोटोशी भांडता येत नाही, ती सोय इथे होती.

'तुम्ही भावंडं किती?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावर दरवर्षी वाद. कुणी ठणकावून "दोघं" म्हणायचं. कुणी "एकटाच" म्हणून मोकळं व्हायचं आणि रात्री तळमळायचं. निकाल कधीच लागला नाही.

गेलेल्या भावंडाचं वय ज्याने त्या वर्षी ओलांडलं असेल, त्याला त्या दिवशी जरा जास्तच भाव मिळायचा. माझा दादा २४ व्या वर्षी गेला. मला २५ पूर्ण झाली, त्या मेळाव्यात माझ्या वाट्याला आलेल्या चिमुरडीने विचारलं, "आता तू मोठी ना? मग त्याला नावाने हाक मारणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आधी माझे नेलेले हेडफोन परत कर म्हणावं, मग बघू."