रोज चालवायला कुठली जुनी गाडी घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला, पंपावरचा पोरगा, सोसायटीत नवीन आलेलं जोडपं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ताई मॉडेल कुठलं? आणि त्याला जोडूनच दुसरा, आम्हालाही अशी एखादी जुनी छोटी गाडी घ्यायचीय, पण शोभेला नाही, रोज ऑफिसला न्यायला, तर कुठली घेऊ? पंपावर मागे हॉर्न वाजत असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझ्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे जुनी फियाटच. हँड गिअरची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. वारजे ते स्वारगेट, येऊन-जाऊन वीसएक किलोमीटर, गेली नऊ वर्षं रविवार सोडून रोज. आणि माझं उत्तर दर वेळी तेच असतं की आधी मिस्त्री शोधा, मग गाडी. लोकांना वाटतं मी टाळतेय, पण तसं अजिबात नाही. तुमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरवर ज्याला कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून परत बसवता येतो आणि ठिणगीसाठीचे पॉइंट घासून त्यांची गॅप लावता येते असा माणूस कोण आहे ते बघा, त्याच्याकडे दोनदा चहा प्या, त्याचा हात कुठल्या गाडीवर बसलाय ते विचारा, आणि तीच गाडी घ्या. माझा फियाटवरचा जीव नंतर जडला, त्याआधी आमचे मिस्त्रीकाका फियाटवाले होते.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पद्मिनीच्या आधी मी १९६७ची फियाट ११०० डिलाईट घेतली होती, बाहेरगावच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, मरून रंगाची, क्रोम असं चमकत होतं की मी खाली वाकून बघितलंच नाही. पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओली झाली. काकांनी मॅट उचलली, दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला लांबीचा, म्हणजे पत्र्यावर भरतात त्या पुट्टीचा भुगा आणि ओल्या पेपरचा लगदा. पत्रा नव्हताच तिथे. फियाटला वेगळी चासी नसते हो, बॉडी हीच चासी, त्यामुळे खालचा पत्रा सडला म्हणजे सगळा कणाच गेला. चौदा महिने त्या गाडीवर पैसे ओतले आणि शेवटी ती पार्टसाठी दिली, त्या दिवशी मी खूप रडले होते.

म्हणून आता कुणाबरोबर गाडी बघायला गेले की पर्समध्ये फ्रीजवरचं चुंबक असतं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला ओरखडा नको. दाराचा खालचा वीतभर भाग, चाकांवरच्या कमानी, दाराखालची पट्टी, इथे ते फिरवायचं, जिथे पकडत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे. मग डिकीतली स्टेपनी उचलायची आणि तिच्याखालचा पत्रा हाताने चाचपायचा. इंजिन धूर मारत असेल तरी मला फारसं वाटत नाही, बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून ते परत उभं राहतं. पत्र्याचं तसं नाही.

आता मॉडेलचं. फियाट ११०० कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. पन्नाशीतल्या गोल पाठीच्या ‘डुक्कर’ फियाटपासून १९६४च्या डिलाईटपर्यंत रूप बदलत गेलं, पुढे नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ला पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसी. डुक्कर दिसायला काळजात घुसते, पण तिच्या काचा, दिवे, रबरं शोधण्यात तुमचे रविवार जातील, ती दुसरी गाडी म्हणून ठेवा. रोजसाठी ऐंशीनंतरची पद्मिनी घ्या, आणि बॅटरी चार्ज करायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर असलेली बघा, नाहीतर पावसात वायपर आणि हेडलाइट एकदम लावले की बॅटरी बसते.

स्टँडर्ड हेराल्डबद्दल पण खूप जण विचारतात. तिचं बॉनेट मडगार्डसकट अख्खं पुढे उघडतं, मिस्त्रीला टायरवर बसून काम करता येतं, फार देखणी गाडी आहे. पण पुण्यात तिचा सवयीचा हात असलेला माणूस मला तरी सापडला नाही.

आणि जुनी मारुती ८०० आहेच. १४ डिसेंबर १९८३ला पहिली गाडी रस्त्यावर आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि हे इंजिन ओम्नीच्याच घरातलं असल्यामुळे त्याचं सामान गल्लोगल्ली मिळतं. पहिल्या तीन वर्षांतल्या रूपाला आता मागणी आहे, पण त्याचे टेललाइट, डॅशबोर्डचे तुकडे मिळणं मुश्किल आहे. ज्यांनी जुनी गाडी कधीच चालवली नाहीये त्यांना मी सरळ सांगते, १९८६नंतरच्या रूपातली, एकाच घरात राहिलेली ८०० घ्या. लोक नाक मुरडतात, ही काय क्लासिक. दहा वर्षांनी शोधाल तेव्हा कळेल.

पद्मिनीचे पार्ट आजवर मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे. हजारो टॅक्स्या रोज धावत होत्या म्हणून क्लच प्लेटपासून दाराच्या हँडलपर्यंत सगळं कुणीतरी बनवत होतं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, आपली नाना पेठ इथे ते पडून असायचं. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं भरली आणि ती बंद झाली. तेव्हापासून मी वॉटर पंप, ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट एकेक जास्तीचं घेऊन कपाटात ठेवलंय, तुम्हीही गाडीच्या बजेटमध्ये हे धरा.

उन्हाळ्याचं पण ऐका. टाकीतून पेट्रोल ओढणारा गाडीतला छोटा पंप इंजिनलाच चिकटून असतो, ट्रॅफिकमध्ये तो इतका तापतो की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. मे महिन्यात नळस्टॉपला दुपारी गाडी अशी बंद पडली की मी बॉनेट उघडते, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतते आणि ते पंपावर गुंडाळते, चर्रर्र आवाज येतो, पाच-सात मिनिटं थांबायचं, दोन-तीन सेल्फ मारले की चालू. त्यात आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल, इथेनॉलने जुनी रबरं फुगतात, नरम पडतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये जाऊन बसतो. माझा पंपातला पडदा, डायफ्रॅम, एका वर्षात दोनदा गेला. मग सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या आणि मध्ये फिल्टर टाकला, तेव्हापासून शांत आहे.

ब्रेक चारही ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाण्यातून गाडी काढली की पुढचे शंभर-दोनशे मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम सुकवायचे, आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. बेल्ट नव्हते, ते मी पहिल्याच महिन्यात बसवून घेतले. ॲव्हरेज शहरात अकरा-बारा.

कागदांमध्ये एकच गोष्ट बजावून सांगते. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, खूप रुबाबदार दिसतं ते. पण त्या नंबरावर गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी. तुम्हाला ऑफिसला जायचंय ना, मग साध्या नंबरावरच ठेवा, दर पाच वर्षांनी फिटनेस करून आरसी रिन्यू करा, ग्रीन टॅक्स भरा. घेण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवरून नाही.

आणि बघायला जाल तेव्हा आदल्या रात्रीच फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. थंड लागलं पाहिजे. मग चोक ओढून सेल्फ मारायचा आणि मागे जाऊन सायलेन्सरपाशी धूर बघत उभं राहायचं.