दोरी, काटकोन आणि एक तीळ

आज खानापूरजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाच्या घराची आखणी झाली. गवंडीमामांनी दोरीला ३, ४ आणि ५ हातांवर गाठी मारून, खुंट्यांना ती ताणून काटकोन साधला, तेव्हा मला प्राचीन ग्रंथकार बौधायनाचे शुल्बसूत्र आठवले. शुल्ब म्हणजे दोरीच. यज्ञवेदीच्या मापांसाठी रचलेल्या त्या सूत्रांत ३ आणि ४ या बाजूंची हीच जोडी आहे. मला मात्र सर्वांत मोह पडतो तो त्यातल्या चौरसाचा कर्ण काढण्याच्या नियमाचा. त्या नियमाने १२ अंगुळे बाजूच्या चौरसाचा कर्ण १७ अंगुळांना १/३४ अंगुळ कमी भरतो, आणि तेथेच दिलेल्या एका मानाप्रमाणे अंगुळ म्हणजे एकमेकांना लावून ठेवलेले ३४ तीळ, म्हणजे कमी पडतो तो नेमका एक तीळ! संध्याकाळी आईच्या डब्यातला एक तीळ चिमटीत धरून मी बराच वेळ पाहत बसलो.