आपणहून बंद होतं का?

कुणाच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागून त्याने बाणेरला फ्लॅट घेतला, कुणाची मुलगी लग्नानंतर वेगळी राहायला लागली, की महिन्याभरात मला फोन येतोच. "काकू, रोजच्या स्वयंपाकाला नेमकं काय काय घेऊ? इंडक्शन घेऊ का? एअर फ्रायरचं काय? तुमच्याकडे काय काय आहे?" मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे विजेवर चालणारं सगळं मला कळतं असा एक समज आमच्या कोथरूडमध्ये पसरलाय. स्वयंपाक मला बरा येतो, हे त्यात कुणी धरत नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी कसोटी एकच आहे. काम झालं की ते यंत्र आपणहून बंद होतं का? वॉट, लिटर, रंग हे सगळं नंतर. दिवसभर ऑफिस करून आलेल्या माणसाला चिरण्या-ढवळण्याचं एवढं वाटत नाही, लक्ष ठेवण्याचा कंटाळा येतो. दूध उतू जाईल, भात खाली लागेल, फोनवर बोलता बोलता शिट्ट्या मोजायच्या राहतील. हे लक्ष ज्याने आपल्या डोक्यावरून उतरवलं, त्याला ओट्यावर जागा.

या कसोटीवर पहिला नंबर इलेक्ट्रिक राइस कुकरचा. आपल्याकडे त्याला कुणी फारसं विचारत नाही, "भाताला काय वेगळं यंत्र?" म्हणतात. जपानात तोशिबाने १९५५ साली तो बाजारात आणला आणि आजही साध्या राइस कुकरच्या पोटात फारसं काही नसतं. आतलं भांडं उचलून बघा. खाली मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक चकती दिसेल, तिच्यात चुंबक असतं. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की ते वर चढायला लागतं, आणि ठरावीक अंशाला त्या चुंबकाची ओढच संपते. स्प्रिंग सुटते आणि खटका 'कुक'वरून 'वॉर्म'वर पडतो. उष्णतेने चुंबकत्व जातं त्या अंशाला क्यूरी बिंदू म्हणतात. फळ्यावर हा बिंदू मुलांच्या गळी उतरवताना माझा घसा बसायचा. शेवटी एकदा राइस कुकर वर्गात नेला.

आता पुण्यातला भात म्हणजे पुष्कळ घरांत इंद्रायणी. आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या दोन जातींच्या संकरातून आलेला मावळातला तांदूळ, वासाचा आणि चिकट. चिकट तांदळातून पिष्ट पाण्यात जास्त सुटतं, आणि पिष्ट सुटलं म्हणजे फेस. झाकणाच्या भोकातून तो फेस फसफसून ओट्यावर ओघळतो आणि लोक म्हणतात, कुकर खराब आहे. कुकरचं काही चुकत नाही. तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवा, भांडं निम्म्याच्या वर भरू नका, वर चमचाभर तूप सोडा. वाटीला दोन वाट्या पाणी, तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त. आणि एक अगदी बारीकशी गोष्ट: भांडं आत ठेवण्याआधी त्याचं बूड बाहेरून कोरडं पुसा. चकतीवर एखादं शीत चिकटलेलं असलं तर भांडं नीट टेकत नाही, खटका नको तेव्हा पडतो आणि भात कच्चट राहतो. 'वॉर्म'वरही तासन्‌तास ठेवू नका, खाली खरवड धरते. (आमच्याकडे खरवड आवडणारे आहेत. त्यांची मतं मी विचारात घेत नाही.)

यावर हमखास प्रश्न येतो, "पण काकू, साध्या कुकरमध्ये वरण-भात एकदम होतो ना?" होतो. तुरीच्या डाळीला प्रेशर कुकरच हवा, आणि पुण्यात तर हवाच. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर राहतो, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजवत बसलात तर दोन अंशांचा तोटा तिथेच झाला. कुकरच्या आत वाफ कोंडून तापमान १२० अंशांजवळ जातं, म्हणून डाळ अशी मेणासारखी शिजते. माझी तक्रार एवढीच, की कुकर आपणहून थांबत नाही. तो शिट्टी मारतो आणि मोजायचं काम तुमच्यावर टाकतो. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर रे" असं बाथरूममधून ओरडलेलं वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर मला दाखवा. आणि मग बाहेरच्याचं उत्तर, "आत्ता झाली ती दुसरी की तिसरी?"

इंडक्शन मी घ्यायला सांगते ते यासाठी. पोळ्यांसाठी नाही, फोडणीसाठी नाही, निव्वळ कुकरसाठी. इंडक्शनला टायमर असतो. सुट्टीच्या दिवशी एकदा घड्याळ लावून बघा, ठरावीक वॉटवर तुमच्या कुकरची पहिली शिट्टी कितव्या मिनिटाला होते आणि डाळ मऊ व्हायला आणखी किती लागतात. रोज डाळ तेवढीच, पाणी तेवढंच, म्हणजे मिनिटंही तेवढीच. एकदा आकडा सापडला की टायमर लावायचा आणि आंघोळीला जायचं. मी १२०० वॉटवर पंधरा मिनिटं लावते. त्याला वीज लागते १.२ किलोवॉट गुणिले पाव तास, म्हणजे ०.३ युनिट. बिलाची काळजी करणाऱ्यांना मी हा गुणाकार लिहूनच देते.

कुकर मात्र इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा हवा. दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात घालून जा. बुडाला घट्ट चिकटलं तर चालेल, साध्या ॲल्युमिनियमला ते चिकटणारच नाही. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात मी हे करते तेव्हा पोरं हसतात, हसू देत. प्लग जाड पिनांचा असेल तर तो १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावायचा. एक्स्टेंशन कॉर्डवर इंडक्शन चालवणारी भाड्याच्या फ्लॅटमधली मुलं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. आणि बंद केल्या केल्या मेन बटण दाबू नका. आतला पंखा थोडा वेळ फिरू द्या, तो यंत्र गार करत असतो.

किटली. हिला लोक मॅगीची आणि होस्टेलची वस्तू समजतात. मी ती भाकरीसाठी वापरते. ज्वारीचं पीठ दळून आणल्याला दिवस झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे. अशा पिठाला उकळतं पाणी घातलं, उलथन्याने कालवलं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळलं, तर ते पुन्हा धरतं. त्यासाठी गॅसवर पातेलं चढवा, ते धरायला सांडशी शोधा, मग निम्मं पाणी उरलं म्हणून ओतून द्या, हे कोण करणार? किटलीत लिटरभर पाणी चारेक मिनिटांत उकळतं आणि ती खटकन बंद होते. बंद होते ती वाफेमुळे. मुठीजवळ किंवा बुडाकडे दोन धातूंची एक पट्टी असते, वाफ तिच्यापर्यंत पोचली की ती वाकते आणि बटण उडतं. म्हणूनच झाकण उघडं ठेवलंत तर किटली उकळतच राहते. आतून पांढरा थर धरला तर लिंबाचा रस आणि पाणी घालून एकदा उकळा, निघतो.

मिक्सर माझ्या कसोटीवर साफ नापास आहे, पण त्याच्याशिवाय घर चालत नाही. परदेशी मिक्सर आपल्या हळकुंडापुढे, ओल्या वाटणापुढे हात टेकायचे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटण्या-दळण्याला टिकेल असा 'सुमीत' बनवला, आणि पाटा-वरवंटा गॅलरीत गेला. आज घेताना पाचशे-साडेसातशे वॉटच्या वादात पडू नका. छोटा चटणीचा जार कसा आहे ते बघा. दोन माणसांच्या घरात रोज वापरला जातो तो तोच. मिरची-कोथिंबिरीचं मूठभर वाटण मोठ्या जारमध्ये घातलं तर पात्याच्या वर उडून कडांना चिकटतं आणि पातं मोकळंच फिरतं.

मिक्सर मध्येच बंद पडला, वास आला, म्हणजे जळला असं समजून नवा आणणारे मी पाहिलेत. आधी तो उलटा करून बघा. बुडाला एक छोटं लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो. म्हणजे बघा, अगदीच नापास नाही म्हणता येणार. प्लग काढा, जारमधलं निम्मं काढून घ्या, पाच-दहा मिनिटं थांबा, बटण आत दाबा. बहुतेक वेळा चालू होतो. जार नुसताच खडखडला आणि पातं फिरलं नाही, तर खालचा दातेरी कपलर झिजला असेल. तो बदलून मिळतो. कपलर, जारचे वायसर, ब्रश असल्या गोष्टी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत विचारत गेलात तर मिळतात, फक्त जुना तुकडा बरोबर न्या. नुसतं तोंडी वर्णन केलंत तर दुकानदार तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती खास आपल्या पेठांतली असते.

आता दाण्याचं कूट, कारण हा प्रश्न पोहे आणि पोळ्यांच्याही आधी येतो. कूट नसेल तर कोशिंबीर नाही, भरली वांगी नाहीत, साबुदाण्याची खिचडी तर नाहीच. दाणे कढईत भाजायला उभं राहावं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये ताटलीत एक थर पसरा, एक मिनिट, बाहेर काढून हलवा, पुन्हा एक मिनिट, मग अर्ध्या अर्ध्या मिनिटाने. दाणा फोडून आत फिकट बदामी दिसला की थांबा, कारण बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने तो थोडा वेळ भाजत राहतो. सालं काळी पडेपर्यंत वाट बघितलीत तर कूट कडू. मग पूर्ण गार होऊ द्या. कोमट दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. गार झाल्यावर बटण उलटीकडे फिरवून थांबत थांबत चार-पाच झटके द्यायचे, सलग नाही. खिचडीचं जाडसर आधी काढून घ्या, उरलेलं आमटी-कोशिंबिरीसाठी आणखी दोन झटके. बाटलीत भरून फ्रिजमध्ये. मायक्रोवेव्ह महाग वाटला तर नका घेऊ. पण घरात असेल आणि त्यात फक्त दूध गरम होत असेल, तर त्याचे पांग दाण्यांनी फिटतात.

एअर फ्रायर. सगळ्यात जास्त विचारतात ते याच्याबद्दल. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडलेला हा छोटा ओव्हन आहे, आत जोरदार पंखा असलेला. त्याला तळण म्हणू नका, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. उकडलेल्या अळूवड्या, कोथिंबीर वड्या कापून, तेलाचं बोट फिरवून घातल्या तर छान खरपूस होतात. पावसाळ्यात मऊ पडलेली बाकरवडी दोन-तीन मिनिटांत पुन्हा कुरकुरीत. कांदा भजी मात्र जमत नाही, पातळ पीठ जाळीतून खाली ओघळतं. साबुदाणा वडा होतो, बाहेरून बरा, आतून कोरडा, आणि चतुर्थीला उपास करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. तो आपणहून 'टिंग' करून थांबतो, त्याबद्दल पूर्ण गुण. पण ओट्यावर जागा घेतो परातीएवढी. जागा असेल तर घ्या, जागा करून घेऊ नका.

दोरीचा चॉपर स्वस्त आहे आणि विजेशिवाय चालतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा प्रघात आहे, त्या दिवशी त्याचा, खलबत्त्याचा आणि गॅसच्या शेगडीचा आधार. भरतासाठी, भाजीच्या रश्श्यासाठी कांदा त्यात चिरा. पोह्यांचा कांदा विळीवर किंवा सुरीनेच. दोरी चार वेळा जास्त ओढली की कांद्याला पाणी सुटतं आणि पोहे गिच्च.

कणीक मळायचं मशीन आमच्याकडे नाही. दोन माणसांची कणीक मळण्यापेक्षा ते धुवायला जास्त वेळ लागतो. पण माझ्या शेजारणीची मनगटं दुखतात, तिने घेतलंय आणि तिला मी एक अक्षर बोलत नाही. पोळी मेकर नावाचं जे दोन तव्यांचं प्रकरण असतं ते भेट म्हणून आलं तर हसून घ्या. त्यातून निघतो तो खाकरा. घडीच्या पोळीला पदर सुटावे लागतात आणि त्याला लाटणंच लागतं.

तेव्हा नव्या बिऱ्हाडाने या क्रमाने जावं: आधी चटणीच्या चांगल्या जारचा मिक्सर, मग एक लिटरचा राइस कुकर, पुढच्या बोनसला इंडक्शन आणि त्याला चालणारा तीन लिटरचा कुकर. किटली कुणीतरी वास्तुशांतीला देतंच, न दिल्यास मागा. आणि पोळ्यांसाठी कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र आहे. साडेसातच्या आत जा. नंतर फक्त भाकऱ्या उरतात, आणि सुट्टे पैसे नसतील तर त्याही मिळत नाहीत.