आमची वाटचाल : काटा आमचा, नकाशा त्यांचा

आमच्या सॉफ्टवेअर फर्मच्या पाटीवर आज 'सोल्यूशन आर्किटेक्चर' आणि 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर' अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत. यांतली दुसरी ओळ आम्हाला फार महागात पडली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केले, तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते, व्हॅट चालू होता आणि बहुतेक कारखानदारांच्या लेखी संगणक म्हणजे टॅली. भागीदार प्रोग्राम लिहीत असे आणि मी कारखान्यात दिवसभर थांबून गेटपासपासून डिस्पॅचपर्यंत कागद कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो ते पाहत असे. पुढची दहा-बारा वर्षे बरी गेली.

वजनकाटा हे आमचे खरे भांडवल होते. काट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्रातून, सिरियल पोर्टच्या वायरने वजन संगणकात घेणे ज्याने केले आहे, त्याला त्यातल्या खोड्या सांगायला नकोत. आकडा स्थिर होण्याआधी तो उचलला तर शंभर किलोंचा फरक पडतो, ट्रकचे एक चाक मुद्दाम काट्याबाहेर ठेवले जाते आणि रात्री नेटवर्क गेले तरी भरलेला ट्रक सकाळपर्यंत थांबत नाही. म्हणून वजन आधी काट्यावरच्या संगणकात साठवायचे, लाइन आल्यावर मुख्य सर्व्हरला पाठवायचे आणि तेच वजन दोनदा पोहोचले तर दुसरे नाकारायचे, अशी रचना आम्ही बसवली होती. एका प्रश्नापुरते बोलायचे, पण त्या प्रश्नाचा वेग, सुरक्षा, खर्च, इतर प्रणालींशी जोडणी आणि मुदत हे सारे अंगावर घेऊन तो चालू करून द्यायचा, हे सोल्यूशन आर्किटेक्टचे काम. हे नाव ठाऊक नसताना आम्ही ते वर्षानुवर्षे करत होतो.

जालन्याच्या एका उद्योगसमूहाने आम्हाला बोलावले. जालना सळईचे आणि बियाण्यांचे गाव. या समूहाकडे दोन्ही होते आणि शिवाय स्वतःचे ट्रान्सपोर्ट. सळईच्या रोलिंग मिलसाठी काटा आणि डिस्पॅच, बियाणे कंपनीसाठी विक्रेत्यांच्या मागण्या आणि हंगामानंतर परत येणारा माल, ट्रान्सपोर्टसाठी भाड्याचा हिशोब, अशा तीन प्रणाली आम्ही तीन वेगवेगळ्या वर्षी उभ्या केल्या. तिन्हींची कामे त्या-त्या युनिटच्या मॅनेजरने दिली, त्यानेच तपासली आणि त्यानेच पास केली. तिन्ही उत्तम चालत होत्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

नांदेडकडच्या एका व्यापाऱ्याचे लोखंड-सिमेंटचे दुकान होते, शेजारी कृषी सेवा केंद्र होते आणि सीमेपलीकडे तेलंगणात एक शाखा होती. मिलच्या प्रणालीत तो एका संकेतांकाने, बियाण्यांच्या प्रणालीत दुसऱ्या आणि ट्रान्सपोर्टमध्ये तिसऱ्या संकेतांकाने नोंदलेला होता. प्रत्येक प्रणाली त्याची उधारीची मर्यादा चोख तपासत होती, पण आपापल्यापुरती. तो बुडाला, तेव्हा अकाउंटंटने तिन्ही याद्या एका टेबलावर ठेवल्या आणि एकाच माणसाला तिप्पट उधारी गेल्याचे दिसले. समूहाचे मालक शेठजी यांनी मला समोर बसवून विचारले, "तुमच्या तिन्ही प्रणाली बरोबर असतील, तर माझे पैसे कुठे गेले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरी खंत ही की उत्तर आमच्याच डेटाबेसमध्ये पडलेले होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा प्रत्येक विक्रेत्याचा पंधरा अक्षरी क्रमांक आम्हीच तिन्हीकडे भरून घेतला होता. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि तेलंगणाचे ३६, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या माणसाचा पॅन. ही दहा अक्षरे वेगळी काढून तिन्ही याद्या जोडल्या असत्या तर हा एकच माणूस आहे हे पाच मिनिटांत कळले असते. परंतु समूहासाठी 'ग्राहक' म्हणजे कोण, हे ठरवण्याचे काम तीन मॅनेजरांपैकी एकाचेही नव्हते आणि आम्हालाही कोणी दिलेले नव्हते.

शेवटचे बिल अडकले. दोन महिन्यांचे पगार माझ्या भागीदाराने स्वतःच्या प्लॉटवर कर्ज काढून दिले आणि तिसऱ्या महिन्यात तो पुण्याला नोकरीला गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याच महिन्यात पुण्याची एक कंपनी शेठजींकडे आली. आलेल्या गृहस्थांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'एंटरप्राइझ आर्किटेक्ट' असे छापलेले होते आणि त्यांनी पडद्यावर पहिल्या दिवशी जो नकाशा दाखवला त्यात आमच्या तीन प्रणाली तीन लाल चौकोनांत होत्या. पुढचे काम त्यांना मिळाले.

राग गिळून मी अभ्यासाला बसलो. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात मांडलेली, संस्थेच्या साऱ्या प्रणाली एकत्र मांडण्याची चौकट वाचली, मग याच कामाची पद्धत सांगणारे, द ओपन ग्रुप या संस्थेचे, १९९५ पासून चालत आलेले टोगॅफ वाचले. व्यवसाय, माहिती, ॲप्लिकेशन आणि तंत्रज्ञान अशा चार थरांत आजची स्थिती मांडायची, काही वर्षांनंतरची हवी ती स्थिती मांडायची आणि मधला रस्ता आखायचा, कोणती प्रणाली ठेवायची आणि कोणती मोडीत काढायची हे ठरवायचे, सर्वांना बांधील राहतील असे नियम घालायचे, हे एंटरप्राइझ आर्किटेक्टचे काम. तो एका प्रकल्पाला नव्हे तर मालकाला उत्तर देतो. टोगॅफने कामाचे टप्पे वर्तुळात मांडले आहेत, त्यात 'जी' हा एक टप्पा आहे. बांधणी चालू असताना ती ठरलेल्या आराखड्याला धरून आहे की नाही, हे तिथे तपासले जाते. आमच्या तिन्ही कामांत ही खुर्ची रिकामी होती, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

पुणेकरांचा नकाशा चुकीचा नव्हता, हे कबूल करतो. चूक पुढे झाली. तिन्ही युनिटांवर त्यांनी एकच ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचे एकत्र सॉफ्टवेअर, आणि एकच विक्रीपद्धत लादली. सळई हीट नंबरने, म्हणजे भट्टीतल्या एका ओतीच्या क्रमांकाने, आणि वजनावर विकली जाते, बियाणे लॉट नंबरने आणि उगवणक्षमतेच्या चाचणीवर. शिवाय न विकलेले बियाणे हंगाम संपल्यावर परत येते, सळई येत नाही. ग्राहक एक असावा, याचा अर्थ विक्रीही एकसारखी असावी असा होत नाही. त्यांच्याकडे वरून पाहणारा होता, काट्याशेजारी रात्र काढणारा नव्हता. पहिल्याच हंगामात डिस्पॅच तुंबला आणि काट्याचे काम मुकाट्याने आमच्याकडे परत आले. ते आजही चालू आहे. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र संपूर्ण प्रकल्प त्यांच्या नावावर छापलेला आहे.

त्या दिवसांत आम्हाला तगवले ते लातूरच्या एका डाळमिलवाल्या काकांनी. मोंढ्यात आडत करता करता त्यांनी मिल टाकली आणि पहिल्या दिवसापासून त्यांचा हिशोब आमच्याकडे आहे. त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले आणि मी दोन आर्किटेक्टांमधला फरक समजावू लागलो तेव्हा मला थांबवून म्हणाले, "२०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, आठवते ना? पाणी मिरजेहून आणायचे हे ठरवणारा वेगळा आणि माझ्या गल्लीत टँकर किती वाजता उभा राहील हे पाहणारा वेगळा. मला दोघेही लागले."

कोणी विचारलेले नाही, तरी नव्या मुलांना सांगतो. मुलाखतीत पदाचे नाव ऐकून हुरळू नका. तुम्ही एका प्रकल्पाच्या मुदतीला बांधील आहात की अनेक प्रकल्पांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे, हे विचारा. आधी दोन-चार प्रणाली स्वतः चालू करून द्या, मगच नकाशे काढा. आणि चाळीस माणसांच्या कारखानदाराने पूर्णवेळ एंटरप्राइझ आर्किटेक्ट ठेवू नये. तीन महिन्यांतून दोन दिवस तशी नजर फिरली तरी पुष्कळ होते. नकाशा काढायला आर्ची हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण आम्ही गुलमंडीवरून आणलेला खाकी कागदाचा रोल भिंतीवर लावतो, कारण त्यावर हमालसुद्धा बोट ठेवून "गाडी इथे अडते" असे सांगतो.

यंदा काका तेलघाणा टाकत आहेत आणि मशीनची ऑर्डर देण्याआधीच त्यांनी फोन केला. डाळीचा आणि तेलाचा ग्राहक एकाच संकेतांकाने चालवायचा, हे त्यांना मान्य आहे. पुतण्याला नाही, कारण तेलाचा हिशोब त्याला वेगळा हवा आहे. सोमवारी मिलवर बैठक आहे आणि पुतण्या हजर असेल तरच कागद उलगडीन, असे मी कळवले आहे.